आभार मानायचे, पण सही करायची नाही

(डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)

मैत्रिणींनो, नमस्कार, जय ख्रिस्त, जय भीम, सलाम. आमच्या ग्रामसंघात हे चारही शब्द एकाच बैठकीत ऐकू येतात, म्हणून चारही म्हटले. कुणी राहायला नको.

आज बँकेच्या कर्जाचं किंवा परतफेडीचं बोलायचं नाही असं आम्ही ठरवून आलोय. तरी मधे कुठेतरी ते येणारच, सवय आहे. रेडिओच्या ताईंनी सांगितलं की नाताळ सगळ्यांना ठाऊक झालाय. घरावरची चांदणी, करंज्या, रात्री गाणी म्हणत फिरणारी पोरं, हे सगळं बायांनी पाहिलंय. पण एकतीस तारखेच्या रात्री तुम्ही चर्चमध्ये बसून काय करता, ते एकदा सांगा. बरोबर आहे त्यांचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, जग फटाके उडवतंय आणि ही माणसं थंडीत शाली पांघरून आत का बसलीत?

आमचा भाग म्हणजे नगर जिल्हा, आता अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईला आली आणि १८३१ साली नगरला. तेव्हापासून या भागातल्या गावागावांत छोट्या छोट्या मंडळ्या उभ्या राहिल्या. राहुरीला रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई राहायचे, त्यांचं नाव तुम्ही शाळेत ऐकलं असेल. टिळकांची भजनं आम्ही अजून पेटी-तबल्यावर म्हणतो. तर एकतीसच्या रात्री दहाच्या सुमाराला सगळे जमतात. आधी भजनं होतात, मग वचन वाचतात, मग लोक एकेक करून उभे राहून वर्षाची साक्ष देतात. बाराला दहा-पंधरा मिनिटं राहिली की दिवे मंद करतात आणि सगळे गुडघ्यावर येतात. कुणी मोठ्यानं बोलत नाही. बाराला घंटा वाजते. मग हातात हात, नव्या वर्षाच्या शुभेच्छा, आणि बाहेर पातेलंभर चहा.

या रात्रीला आमच्याकडे वॉचनाईट म्हणतात, म्हणजे जागरणाची रात्र. ही पद्धत मोरेवियन नावाच्या ख्रिस्ती लोकांनी जर्मनीतल्या हर्नहूट गावात १७३३ साली सुरू केली, पुढे इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीनं ती उचलली. पण आम्हाला या रात्रीची सगळ्यात आवडणारी गोष्ट अमेरिकेतली आहे. ३१ डिसेंबर १८६२ ला तिथले काळे लोक चर्चमध्ये आणि घराघरांत जमून रात्रभर जागे राहिले. अब्राहम लिंकनचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ पासून लागू व्हायचा होता, त्याची ते वाट बघत होते. आभाराची गाणी त्यांनी कागद हातात पडायच्या आधीच म्हटली. आणि कागद आला तरी सगळे एका दिवसात मोकळे झाले नाहीत. लढाई चालूच होती. देशभरातली गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८६५ साली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना अर्पण केलंय. म्हणजे ती रात्र आपल्यापासून वाटते तेवढी लांब नाही.

आता साक्षीकडे येतो, कारण खरं बोलायचं ते तिथलंच आहे.

आमच्याकडे त्या रात्री आभाराचं दान देतात. साधं पाकीट असतं. आत एकावन्न, एकशे एक, ज्याला जसं जमेल तसं, आणि पाकिटावर कारण लिहायचं. पाळकसाहेब ती कारणं वाचून दाखवतात. ही कारणं ऐकणं म्हणजे गावाचं वर्ष ऐकणं आहे. ‘सुनेचं बाळंतपण सुखरूप झालं.’ ‘बोअरला पाणी लागलं.’ ‘गाय व्याली, कालवड झाली.’ ‘मुलगा दहावी पास.’ ‘गटाचं कर्ज फिटलं.’ एका वर्षी एका आजींनी लिहिलं होतं, ‘मोतीबिंदू काढला, आता तांदूळ निवडता येतो.’ कांद्याला भाव मिळालेल्या वर्षी पाकिटं जाड असतात, भाव पडलेल्या वर्षी पातळ, आणि ते सगळ्यांना कळतं. कोयत्यावर गेलेल्या घरांची पाकिटं कुणाच्या तरी हातात पाठवलेली असतात, कारण ऊसतोडीला सुट्टी नसते, ना नाताळची ना नव्या वर्षाची.

गेल्या एकतीसला त्या ताटात एक पाकीट होतं. त्यात अकरा रुपये होते आणि वर काहीच लिहिलेलं नव्हतं. पाळकसाहेबांनी उलटसुलट करून पाहिलं, आणि ठेवून दिलं. ते कुणाचं होतं हे बायांच्या बाजूला बसलेल्या बहुतेक जणींना माहीत होतं. आमच्या गटातल्या एका ताईंचं. दिवाळीत त्यांचा नवरा गेला होता. वय अडतीस, पोटाचा आजार, महिनाभर दवाखाना. मागे सातवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. त्यांना विचारून, त्यांनी हो म्हटल्यावरच हे सांगतोय, नाव-गाव मात्र सांगणार नाही.

चहाच्या वेळी एक-दोन जणी त्यांना म्हणाल्या, असं कोरं पाकीट टाकू नये, देवाची इच्छा असते, सगळ्याबद्दल आभार मानावेत. चांगल्या मनानंच म्हणाल्या. पण ताई तिथून उठून गेल्या आणि पुढचे तीन रविवार चर्चमध्ये आल्या नाहीत.

जानेवारीतल्या महिला मंडळाच्या बैठकीत यावर आम्ही बराच वेळ बोललो. त्या दिवशी कुणीतरी रूथचं पुस्तक उघडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण ही गोष्ट बायांची आहे आणि शेताची आहे.

बेथलेहेम गावची नामी नावाची बाई. दुष्काळ पडला म्हणून नवऱ्याबरोबर आणि दोन मुलांबरोबर मवाब देशात जगायला गेली. आपल्याकडे लोक पुण्या-मुंबईला जातात तसं. तिथे नवरा गेला. मुलांची लग्नं तिथल्याच मुलींशी झाली, मग दहाएक वर्षांत दोन्ही मुलंही गेली. गावाकडे पीकपाणी बरं आहे असं कळल्यावर ती परत निघाली. एक सून माहेरी गेली, दुसरी रूथ सासूला सोडेना. दोघी गावात शिरल्या तेव्हा बाया घराबाहेर आल्या. म्हणाल्या, ही नामीच ना? नामी म्हणजे गोड, मनोरम. तर ती म्हणाली, मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. भरल्या हातानं गेले होते, देवानं मला रिकामी परत आणलं.

हे पवित्र शास्त्रात लिहिलेलं आहे. देवाच्या नावानं, भर गावात, सगळ्या बायांसमोर तिनं हे म्हटलं. आणि पुढे वाचा. देव तिच्यावर रागावला असं कुठे लिहिलेलं नाही. गावातल्या बायांनी तिला गप्प केलं असंही नाही. ते कोरं पाकीट म्हणजे तेच होतं, असं आमच्यातल्या एका थोरल्या मावशी म्हणाल्या. ताईंनी खोटं लिहिलं नाही, आणि तरी अकरा रुपये टाकले. रिकाम्या हातानं का होईना, पण बेथलेहेमात परत आल्याच की त्या.

दुसऱ्या दिवशी मावशी त्यांच्या घरी गेल्या. देवाचं काही बोलल्या नाहीत. बाजरीचं पीठ घेऊन गेल्या होत्या, भाकरी करून जेवून आल्या. पुढच्या रविवारी ताई त्यांच्याशेजारी बसलेल्या दिसल्या.

आता सहीचं सांगतो. मार्चमध्ये ताईंचे मोठे दीर एक कागद घेऊन आले. दीर वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगायला पाहिजे. दवाखान्यात महिनाभर येणं-जाणं त्यांनीच केलं, पंचवीस हजार खर्च केले, मातीचं सगळं त्यांनीच पाहिलं. ते म्हणाले, मी एवढं केलं, तू जमिनीवरचा हक्क सोड, मी मुलांना बघीनच. कागद हक्कसोडपत्राचा होता. जमीन तीन एकर, वाटणी होऊन नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आलेली. ताई गटाच्या बैठकीत म्हणाल्या, त्यांचे फार उपकार आहेत, नाही कशी म्हणू? सही केली नाही तर मी कृतघ्न ठरेन.

मैत्रिणींनो, हा शब्द नीट ऐका. कृतघ्न. आपल्या बायांकडून किती जमिनी या एका शब्दावर गेल्या असतील! भाऊ साडी-चोळी करतो म्हणून बहीण सही करते, दीर आधार देतो म्हणून भावजय सही करते. आणि चर्चमध्ये आभाराचं, त्यागाचं ऐकून आमच्या ख्रिस्ती बायांना तर वाटतं की सही केली म्हणजे देवही खूश होईल.

तेव्हा आम्ही पुन्हा रूथच्याच गोष्टीला गेलो, कारण ती गोष्ट पुढे जमिनीवरच येते. रूथ शेतात सरवा वेचायला जाते. हंगामात कणसं कापताना मागे राहील ते मालकानं उचलायचं नाही, ते गरिबाचं, परक्याचं, विधवेचं, असा त्यांचा नियमच होता. शेत बवाजचं, नात्यातला माणूस. मग अलीमलेखाच्या, म्हणजे नामीच्या नवऱ्याच्या जमिनीचं काय, हा प्रश्न येतो. बवाज काय करतो? रूथ भली, नामी बिचारी, असं म्हणून तो नुसता धान्याचं पोतं पाठवून मोकळा होत नाही. वेशीत जाऊन बसतो. गावातले दहा वडील बोलावतो. ज्याचा हक्क जवळचा आहे त्या नातेवाइकाला सगळ्यांसमोर विचारतो. तो मागे सरतो, पायातला जोडा काढून देतो, तेव्हाची नोंदणीच ती, आणि लोक साक्षीदार होतात. हे सगळं झाल्यावर, रूथला मुलगा झाल्यावर गावातल्या बाया देवाचे आभार मानतात आणि बाळाचं नावही त्याच ठेवतात, ओबेद. राजा दावीदाचा तो आजोबा. म्हणजे कडू म्हणणारी नामी ज्या बायांनी ऐकून घेतली, त्याच बायांनी शेवटी आभाराचं गाणं केलं. आणि दोन्हीच्या मधे जमिनीचं काम वेशीत, साक्षीदारांसमोर झालं होतं.

आमचंही काम मग सोपं झालं. सोपं म्हणजे काय करायचं ते कळलं. करायला अवघडच गेलं.

आधी कायदा काय आहे ते विचारून घेतलं. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. बायको आणि मुलं मागे असतील तर बायकोला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे, मुलगा असो की मुलगी. तीन एकर आणि दोन मुलं, म्हणजे तिघांना एकेक एकर. दिराचा त्यात हिस्साच नाही. आमच्या गटातल्या हिंदू आणि बौद्ध बायांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागतो, त्यात विधवा, मुलगे, मुली आणि सासू असेल तर तीही, सारखे वारस धरतात. मुस्लिम बहिणींचे नियम वेगळे आहेत. जिला शंका आहे तिनं तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे जावं. बाईला तिथे मोफत सल्ला आणि वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. आणि एक गोष्ट चुलीजवळ लिहून ठेवा: नोंदवलेलं हक्कसोडपत्र परत फिरवणं फार अवघड असतं. सही करायला पाच मिनिटं लागतात.

मग एका रविवारी दुपारी आम्ही सात जणी ताईंबरोबर दिरांच्या घरी गेलो. भांडायला गेलो नव्हतो. ताईंनी सगळ्यांसमोर, जावेसमोर, सासूसमोर त्यांचे आभार मानले. कोणत्या रात्री ते दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपले, कोणत्या दिवशी रक्तासाठी फिरले, एकेक सांगून मानले. दिरांचे डोळे भरून आले, खरंच आले. मग ताई म्हणाल्या, तुमचे पंचवीस हजार मी फेडणार, गटातून कर्ज घेते आणि दोन हप्त्यांत देते. सही करणार नाही. दिरांचा चेहरा बदलला. चहा आला, पण तो आम्ही घाईनं प्यायलो.

पैसे दिले. पहिला हप्ता जूनमध्ये, दुसरा ऑगस्टमध्ये, गटाच्या व्यवहार वहीत नोंद आहे. उपकार हे उपकार, उसने हे उसने, जमीन ही जमीन. तिन्हीचं वेगळं खातं ठेवलं की गोंधळ कमी होतो. गटात इतकी वर्षं लेखे लिहून आम्ही एवढं शिकलोय.

पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला पहिल्या पत्रात सांगितलंय की प्रत्येक परिस्थितीत आभार माना. परिस्थितीत म्हटलंय. आमच्या बायांना ते परिस्थितीबद्दल असं ऐकू येतं. नवरा दारू पिऊन मारतो, तर त्या माराबद्दल आभार मानायला कुणी सांगितलेलं नाही. पण त्या घरातही, त्या रात्रीही, शेजारीण दार उघडते, लेकरू बरं होतं, सकाळ होते, त्याचे आभार मानता येतात. आणि आभार मानून झाल्यावर १८१ ला फोनही करता येतो. एकानं दुसरं अडत नाही.

आता थोडं कडू बोलतो. या दिवसांत मोबाइलवर बरेच उपदेशक येतात. हे वर्ष तुमच्या भरभराटीचं, दान पेरा, शंभरपट कापा, खाली खात्याचा नंबर. गरिबांत गरीब बाई ते ऐकते आणि तिला सांगतात ती विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट. तिनं होतं नव्हतं ते सगळं टाकलं, तुम्हीही टाका. आमचं म्हणणं, मार्काच्या बाराव्या अध्यायातली ती गोष्ट दोन-चार ओळी आधीपासून वाचा. तिथे येशू लांब लांब प्रार्थना करून विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर बोलतोय, आणि लगेच पुढे ती विधवा येते. ती दोन दमड्या टाकते ते येशू बघतो, तिचं मोल ओळखतो. पण तिला आणखी टाक असं तो कुठे म्हणतो?

मागच्या वर्षी आमच्या एका गटात एका बाईनं पाच हजाराचं अंतर्गत कर्ज मागितलं, कारण विचारलं तर ‘घरखर्च’. नंतर कळलं, मोबाइलवरच्या दानासाठी हवं होतं. दोन टक्क्यांनी पाच हजारावर महिन्याला शंभर रुपये व्याज होतं. वर्षभर मुद्दल फिटलं नाही तर बाराशे. गटानं कर्ज दिलं नाही, बाई रुसली. तिच्या श्रद्धेला आम्ही हसलो नाही, कुणी हसूही नये. पण कर्ज काढून आभार मानायला देव सावकार नाही, असं तिला सांगितलं. अकरा रुपयांचं कोरं पाकीट आमच्या लेखी त्या पाच हजारांहून मोठं आहे.

वचनाच्या चिठ्ठ्यांचंही असंच. बारानंतर ताटात गुंडाळलेल्या चिठ्ठ्या फिरतात, प्रत्येकीवर शास्त्रातलं एक वचन असतं. आपण एक उचलायची, ती वर्षभर देव्हाऱ्यात ठेवावी तशी पवित्र शास्त्रात ठेवायची. छान पद्धत आहे, आम्हालाही आवडते. पण काही जणी ती पोपटवाल्याच्या चिठ्ठीसारखी वाचतात. भरभराटीचं वचन आलं की यंदा कांदा सोन्याचा, दुःखाचं वचन आलं की तोंड पडलं. एकीनं तर शेजारणीशी अदलाबदल केली! मग फेब्रुवारीत गारपीट झाली की देवच खोटा. वचन काय होणार ते सांगत नाही. जे होईल त्यात कोण बरोबर असेल ते सांगतं. आमच्या ताईंना गेल्या वर्षी कोणती चिठ्ठी आली होती, ते आम्ही विचारलं नाही. त्या चहालाच उठून गेल्या होत्या, चिठ्ठी घेतली की नाही तेही माहीत नाही.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे काढावीशी वाटते. श्रद्धा म्हणजे गप्प बसणं असं ज्यांना वाटतं त्यांनी त्यांचं आयुष्य बघावं. दुष्काळात आई-बाप गेले, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा गेला, कडेवर तान्ही मुलगी. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली-बाया घेऊन आल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, विहिरी खणल्या, शेती केली. पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं आणि ते बायांनीच छापखान्यात छापलं. प्रार्थनेवर त्यांचा किती भर होता ते सगळ्यांना माहीत आहे. पण १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी छावणीत आपल्या मुलींची हेळसांड झाली असं दिसल्यावर याच बाईनं वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. राज्य इंग्रजांचं, म्हणजे ख्रिस्ती सरकारचं. त्या स्वतः ख्रिस्ती. मदत करणारे बरेचसे परदेशी. उपकाराचा विचार करून त्या थांबल्या नाहीत. पत्राचा आवाज थेट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला.

१ जानेवारीनंतर दोनच दिवसांनी सावित्रीबाईंची जयंती येते, ३ जानेवारी. आमच्या गावात तो कार्यक्रम ग्रामसंघ करतो. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण नगरला मिस फरार यांच्या शाळेत घेतलं असं सांगतात. सिंथिया फरार मिशनच्या बाई, लग्न न केलेल्या, १८२७ साली एकट्या एवढ्या लांब आल्या होत्या. तर आमचं नवं वर्ष एकतीसच्या रात्री सुरू होतं आणि तीन तारखेला संपतं म्हणा, मधे झोप कमीच. यंदा तीन तारखेला सातबारा कसा वाचायचा हे दाखवायचं ठरलंय. आपापला सातबारा घेऊन या. घरातून मिळत नसेल तर गट नंबर तरी घेऊन या, उतारा ऑनलाइन काढता येतो.

ताईंच्या जमिनीचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. मृत्यूचा दाखला जोडून वारस नोंदीचा अर्ज सप्टेंबरमध्ये दिला. तलाठ्यांनी नोंद धरली, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघाली. चौदाव्या दिवशी दिरांनी हरकत घेतली. म्हणजे नोंद आता तक्रारीत गेली. सुनावणीची तारीख जानेवारीतली आहे. मोफत वकील मिळालाय. जाऊ हल्ली बोलत नाही, सासू मात्र लपूनछपून नातवंडांना भेटून जाते. मुलगी एकदा आईला म्हणाली, काका आता आपल्याकडे येत नाहीत का? त्याला उत्तर आमच्याकडेही नव्हतं. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही.

परवा नाताळच्या दिवशी ताई भेटल्या. म्हणाल्या, यंदा पाकिटावर लिहिणार आहे. काय, ते नाही सांगितलं. पाळकसाहेब वाचतील तेव्हा कळेल.

गटातल्या ज्या बाया ख्रिस्ती नाहीत त्यांनाही आमच्याकडून आग्रहाचं बोलावणं आहे. येशूनं दहा कोड्यांना बरं केलं तेव्हा आभार मानायला एकटाच परत आला होता, आणि तो परक्या समाजाचा होता, शोमरोनी. त्यामुळे कुणी परकं म्हणून दारात थांबायचं काम नाही. रात्री दहाला सुरुवात. थंडी आहे, शाल आणा, लेकरांना टोप्या घाला. येताना एक पेला आणा, चहाला मागच्या वर्षी पेले कमी पडले. सुनावणीला जायला दोघी जणी ठरल्यात, आणखी दोघी हव्यात, ज्यांना त्या दिवशी रोजाला जायचं नाही त्यांनी एकतीसलाच सांगा.

जय ख्रिस्त. नमस्कार.